सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते?

(वस्तीतल्या बुद्धविहारात भरलेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोलीला फारसा हात न लावता छापत आहोत.)



मला विषय दिलाय 'विद्यापीठाचा कारभार'. विषय ऐकल्याबरोबर मागची दोन पोरं चहाला उठली, ते मी इथनं बघितलं. राग नाही आला. माझंही तसंच व्हायचं. मोर्चा म्हटलं की अंगात वारं संचारायचं आणि अंदाजपत्रक म्हटलं की डोळे मिटायचे. घोषणा आपल्याला तोंडपाठ. आकडा समोर आला की आपण म्हणतो, ते साहेब लोकांचं काम. गोम तिथंच आहे. गावकुसाबाहेर ठेवायला आता काठी लागत नाही, एक फाईल पुरते. ती फाईल कशी चालते तेवढं आज सांगतो.

मी सहा वर्षं एका विद्यापीठाच्या सभा विभागात टायपिस्ट होतो. कायम नाही, २९ दिवसांच्या ऑर्डरवर. २९ दिवस भरले की एक दिवस घरी बसायचं. कागदावर त्याला सेवाखंड म्हणतात. मग नवी ऑर्डर. सहा वर्षं काम केलं, पण कागदावर मी कधी महिनाभरही सलग कामाला नव्हतो.

सभा विभाग म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या मंडळांच्या बैठकांचे कागद बनवणारं खातं. विषयपत्रिका काढायची, टिपणं जोडायची, बैठक झाली की इतिवृत्त टाइप करायचं. त्यातली सगळ्यात वजनदार बैठक व्यवस्थापन परिषदेची. लांबलचक टेबल, काचेच्या बाटल्या, प्रत्येकापुढं चार बोटं जाडीचं बाड. साठ-साठ विषय, दोन तासांत उरकायचे. हिशोब करा, एका विषयाला दोन मिनिटं. त्यात चहा आणि शिराही आला.

एका बैठकीत विषय होता कंत्राटी लोकांना सेवाखंड देऊन पुढची मुदतवाढ द्यायचा. म्हणजे माझाच. मी फाईल घेऊन दाराशी उभा. आत शिऱ्यात तूप कमी पडल्याची चर्चा चालली होती. अध्यक्षांनी विषयाचा आकडा वाचला, दोन-तीन माना हलल्या, पुढचा आकडा. संध्याकाळी इतिवृत्त टाइप करायला बसलो. आधीचा नमुना समोर होता, तसंच टाइप केलं: 'सदर विषयावर सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मान्यता देण्यात आली.' स्वतःच्या पोटावरची लाथ मी स्वतःच्या दहा बोटांनी शुद्धलेखन सांभाळून लिहिली. तेव्हापासून 'सर्वानुमते' हा शब्द दिसला की मी विचारतो, सर्व म्हणजे कोण?

आता कोण ते बघा. आपल्या राज्यात २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे, १ मार्च २०१७ पासून लागू झालेला. त्यात अधिसभा आहे, आपण सिनेट म्हणतो ती. आणि व्यवस्थापन परिषद आहे. सिनेट मोठी, आवाजाची, वर्षातून निदान दोनदा भरायची. परिषद छोटी, खरा कारभार तिच्या हातात. अध्यक्ष कुलगुरू. कुलसचिव सचिव. काही नेमलेले, काही सरकारी अधिकारी, आणि सिनेटमधून निवडून आलेले आठ जण: दोन प्राचार्य, दोन संस्थाचालक, दोन शिक्षक, दोन पदवीधर. जमीन, इमारती, करार, नेमणुका, शिष्यवृत्त्या, सगळं या टेबलावरून जातं. पैशाचं गणित आधी वित्त व लेखा समिती मांडते, मग ते परिषदेपुढं येतं, तिथून सिनेटपुढं. वर्ष संपलं की हिशोबतपासणी. तपासनीस कोण नेमतो? परिषदच नेमते. बाहेरचे सनदी लेखापाल असतात, खरं आहे. पण त्यांचा अहवाल कोण वाचतो, हा माझा प्रश्न आहे.

पैसाही एका गल्ल्यात नसतो. पगाराचा निधी वेगळा, देणग्यांचा विश्वस्त निधी वेगळा, विकासाचा वेगळा, आकस्मिक खर्चाचा वेगळा. ही वाटणी चांगल्यासाठी आहे, ज्याचं त्यालाच लागावं म्हणून. पण प्रत्येक भिंतीला एक दार असतं आणि त्या दारांची नावं साध्या माणसाला कळू नयेत अशी ठेवलेली असतात. चार नावं आज पाठ करून जा.

पहिलं, पुनर्विनियोजन. म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडं वळवणं. मार्च महिना आला की हा शब्द सारखा टाइप करावा लागायचा.

दुसरं, कार्योत्तर मंजुरी. काम झालं, पैसे गेले, आता हो म्हणा. लग्न लागल्यावर मुलीला पसंती विचारायची, तसला प्रकार. तातडीच्या वेळी कुलगुरूंनी परिषदेची वाट न बघता निर्णय घ्यावा अशी सोय कायद्यात आहे. बाराव्या कलमाचं सातवं पोटकलम. पूर आला, आग लागली, परीक्षा अडली, तर ती लागतेच. पण तो निर्णय पुढच्या बैठकीत सांगावा लागतो, आणि सांगितलं की विचारता येतं, तातडी कसली होती साहेब?

तिसरं, ऐनवेळचे विषय. बाडात नाहीत, टिपण आधी कुणी वाचलेलं नाही, बैठक उठताना पाच कागद फिरतात. सगळ्यांना घरी जायची घाई. ज्याला काही दडपून न्यायचंय तो पहिल्या पानावर कधी येत नाही.

चौथं, असमायोजित अग्रिम. कुणीतरी कामासाठी उचल घेतली आणि हिशोब दिला नाही. आपल्या बापानं सावकाराकडनं शंभर रुपये उचलले तर त्याला चावडीवर उभं करायचे. इथं उचल वर्षानुवर्षं लेखाआक्षेपात पडून राहते आणि उचल घेणाऱ्याला निरोपाला शाल मिळते.

आता ऐका, हे मी गंमत म्हणून का सांगत नाही ते.

माझी धाकटी बहीण त्याच विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. एम.एस्सी. करत होती. आमच्या घरातली कॉलेजच्या वर गेलेली पहिली मुलगी. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. मुली खालून बादल्या वाहायच्या. संडास तुंबलेले. अर्ज दिले, सह्या घेतल्या, वॉर्डनबाई म्हणायच्या निधी नाही. बहीण पाणी कमी प्यायची, संडासला जावं लागू नये म्हणून. मग दुखणं सुरू झालं, मूत्रपिंडापर्यंत गेलं. परीक्षेच्या वेळी ती दवाखान्यात होती. वर्ष गेलं. नंतर ती गेलीच नाही परत. आज एका खाजगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. कामाला हुशार आहे. पण तिला जे व्हायचं होतं ते ती झाली नाही.

आणि निधी होता, भावांनो. 'मुलींचे वसतिगृह, पाणीपुरवठा व स्वच्छतागृह दुरुस्ती' या नावानं २२ लाखांची तरतूद अंदाजपत्रकात होती. पुस्तकात छापलेली. खर्च शून्य. मार्चमध्ये ती रक्कम पुनर्विनियोजनानं अतिथीगृहाच्या नूतनीकरणाकडं गेली. सविस्तर चर्चेअंती, सर्वानुमते. तो ठराव मी टाइप केला होता. स्पेलिंग बघितलं, समास बघितला, वाचलं मात्र नाही. तो कागद माझ्या बोटांतून गेला आणि मी त्याला हटकलं नाही. वॉर्डनबाई म्हणाल्या निधी नाही आणि मी, हिशोबाच्या ढिगावर बसलेला भाऊ, बहिणीला म्हणालो, 'काय करणार, गरीब विद्यापीठ आहे.'

ते कळलं दोन वर्षांनी, जुनी बाडं गठ्ठ्यात बांधताना. त्या दिवशी मी जेवलो नाही. त्या दिवशी ठरवलं, यापुढं आकडा वाचायचा.

मग मी बाबासाहेबांकडं नव्यानं गेलो. आपण त्यांचा कोट आणि निळा झेंडा जपला, त्यांचा जमाखर्च विसरलो. माणूस मुळात अर्थशास्त्रातला. रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं पुस्तक १९२३ चं, प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरचं १९२५ चं. मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि २४ फेब्रुवारी १९२७ ला बजेटवर बोलायला उभे राहिले. त्यानंतर महिना पुरता झाला नाही तोवर, २० मार्चला, महाडला चवदार तळ्यावर. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यांच्या लेखी ती दोन वेगळी कामं नव्हती. पाणी कुणाचं आणि पैसा कुणाचा, हा एकच सवाल. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई विद्यापीठाच्या कायद्याच्या दुरुस्तीवर ते बोलले आणि सिनेटमध्ये मागासवर्गाची माणसं हवीत असं मागितलं. १९२७ साली! वर्गात जागा मागून ते थांबले नाहीत, वर्ग चालवणाऱ्या टेबलावर खुर्ची मागितली.

त्याच्याही आधी जोतीराव. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी सांगितलं की सरकारी तिजोरी भरते शूद्र रयतेच्या घामानं आणि त्यातलं शिक्षण मिळतं वरच्यांना. तो हिशोबतपासणीचा अहवालच होता. लेखाआक्षेप क्रमांक एक. अजून समायोजित झालेला नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं पाण्याच्या टाकीपुरतं आहे. नाही. या टेबलावर माणूस मरतो. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात २०१५ साली पाच दलित संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून काढलं. वसतिगृह बंद, सार्वजनिक जागा बंद. त्या निर्णयावर तिथल्या कार्यकारी परिषदेचं शिक्कामोर्तब होतं. परिषद म्हणजे असंच टेबल, असंच बाड. रोहित वेमुला त्या पाचांतला एक. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांची फेलोशिप यायची असल्याचा उल्लेख आहे, एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये. एकीकडं प्रशासकीय ठराव, दुसरीकडं अडकलेली रक्कम. या दोन जात्यांच्या मधे तो पोरगा होता. त्यानंतर देशभर आपण रस्त्यावर आलो, बरोबर केलं. पण ठराव झाला त्या दिवशी त्या टेबलावर आपलं कोण होतं?

आणखी एक गणित सांगतो, रोस्टरचं. २०१८ साली प्राध्यापकांच्या जागांचं आरक्षण सगळं विद्यापीठ धरून न मोजता एकेक विभाग धरून मोजा, असा फतवा यूजीसीनं काढला. मागं न्यायालयाचा निकाल होता. ऐकायला काय, एका शब्दाचा फरक. पण तेरा बिंदूंच्या यादीत ओबीसीची जागा चौथी येते, अनुसूचित जातीची सातवी, आणि जमातीची थेट चौदावी. तीन प्राध्यापकांच्या विभागात मग कुणाचाच नंबर नाही. आरक्षण रद्द केलं असं कुणीच म्हणालं नाही, मोजायची पट्टी तेवढी बदलली. २०१९ मध्ये देशभर आंदोलन झालं, अध्यादेश निघाला, मग संसदेचा कायदा आला आणि केंद्रीय विद्यापीठांत पुन्हा सगळी संस्था एक धरून मोजणी सुरू झाली. ती लढाई जिंकली ती पोरांनी तेराचं गणित शाळेच्या फळ्यावर मांडून दाखवलं म्हणून. आकडा कळला की घोषणेला दात येतात.

पुढं माझी २९ दिवसांची ऑर्डर एका महिन्यात आलीच नाही. बरं झालं. पदवीधर गटातून सिनेटला उभा राहिलो. पदवीधरांच्या दहा जागा असतात, त्यातल्या पाच राखीव. आपल्या जागेवर निवडून आलो. आता स्वतःची फजिती सांगतो. पहिल्या बैठकीत मी एक शब्द बोललो नाही. ज्या हॉलच्या दाराशी फाईल धरून उभा राहायचो, त्याच हॉलमधे खुर्चीवर बसलो तर पाय जमिनीला टेकेनात. शिपाई ओळखीचा, त्यानं पाणी ठेवलं आणि हळूच म्हणाला, 'बोल ना रे आता.' नाही बोललो. बाड नऊशे पानांचं, चार दिवस आधी हातात पडलेलं. मीही मान हलवली. त्या दिवशीच्या 'सर्वानुमते'मधे मीही आहे, लिहून ठेवा.

दुसऱ्या बैठकीला मी एकटा गेलो नाही. आधी सात पोरं-पोरी जमवली. एक बी.कॉम.ची, एक बँकेत लागलेला, दोघं हॉस्टेलचे. बाड फाडून वाटून घेतलं. प्रत्येकानं सव्वाशे पानं. रात्री तीन वाजेपर्यंत विहाराच्या ओट्यावर बसलो. काम एकच दिलं होतं: तरतूद किती, खर्च किती, जिथं खर्च शून्य आहे तिथं लाल खूण. सकाळी बघितलं तर लाल खुणा कुठं? वसतिगृह, शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा केंद्र, ग्रंथालयाची पुस्तकपेढी. लाल रंग बरोबर आमच्याच गल्लीत सांडलेला.

मी कपात सूचना दिली आणि एकच प्रश्न विचारला: मुलींच्या वसतिगृहाच्या दुरुस्तीचे पैसे सलग तीन वर्षं कुठं वळवले, ठरावाचा क्रमांक आणि तारीख वाचून दाखवा. क्रमांक मला पाठ होते. मीच टाइप केले होते. हॉल एकदम गप्प झाला. एक संस्थाचालक म्हणाले, सदस्य भावनिक होतायत. मी म्हणालो, साहेब, मी आकडा विचारतोय, भावना तुम्ही आणताय. उत्तर मिळालं, 'माहिती घेऊन कळवतो.' कळवलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा. दीड वर्षानं तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं. नवीन टाकी, नवीन संडास. क्रांती नाही झाली. पण आता तिथं राहणारी मुलगी पाणी पोटभर पिते. बहिणीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'बरं केलंस दादा, उशीर केलास.'

आता घरातली गोष्ट, कारण आपण घरात बसलोय. खुर्ची मिळाली की खुर्ची खायला लागते. मला प्रवासभत्ता आला, चौकशी समितीवर नेमलं, गाडी दारात आली. एका साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, 'तुमच्या मेहुण्याचा अर्ज बघतो.' मला मेहुणा आहे आणि तो बेकार आहे, भावांनो. त्या रात्री झोप लागली नाही. आपली किती माणसं या एका वाक्यावर विकली गेली ते तुम्हाला माहीत आहे, नावं घेत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येक बैठकीनंतर आठ दिवसांत याच ओट्यावर यायचं आणि काय बोललो, काय नाही बोललो, भत्ता किती घेतला, सगळं सांगायचं. माझ्यावर पाळत ठेवा. हे मी गमतीनं म्हणत नाही.

आता काम.

एक. पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवा. मुंबई विद्यापीठातून वर्षाला लाखाच्या वर पोरं पदवी घेतात. तिथल्या सिनेटची मुदत २०२२ मध्ये संपली. पदवीधरांची निवडणूक लांबत लांबत, कोर्टाची पायरी चढून, २४ सप्टेंबर २०२४ ला झाली. आणि मतदारयादीत नावं किती? तेरा हजारांच्या आसपास. बाकीचे कुठं होते? आपण कुठं होतो? पदवीची फ्रेम करून भिंतीला लावतो आणि तिच्यावरचं मत फुकट घालवतो.

दोन. माहितीचा अधिकार, २००५ चा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्ज दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. आणि त्याच कायद्याचं चौथं कलम वाचा. मंडळांच्या, परिषदांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे प्रत्येक कार्यालयानं आपणहून जाहीर करायचं आहे. मागायच्याही आधी. कुणी म्हणालं इतिवृत्त गोपनीय आहे, तर विचारा, कुठल्या कलमाखाली?

तीन. शिष्यवृत्ती. कॉलेज म्हणतं, सरकारकडनं पैसे आले नाहीत, फी भर, नाहीतर दाखला नाही. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस, असं डिसेंबर २०२० मध्ये ठरलं. तो हिशोब दोन सरकारांनी आणि कॉलेजनं आपसात करायचा. त्यात पोराचा दाखला ओलीस कशाला? असा एकेक पोरगा गाठा, नाव-गाव-रक्कम वहीत लिहा. पन्नास नावांची वही घेऊन गेलं की साहेब उभा राहतो. एकटा पोरगा गेला की बाहेरच्या बाकावर बसतो.

चार. दरवर्षी अंदाजपत्रक आलं की ते विहारात वाचायचं. ग्रंथ वाचतो तसं, रांगेनं, मोठ्यानं. ज्या आईनं रोजगार हमीवर हजेरीपट वाचायला शिकून मुकादमाची चोरी पकडली, तिच्या पोरांना तरतूद आणि खर्च हे दोन रकाने जड जाऊ नयेत.

नामांतरासाठी आपण काय दिलं ते आठवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. पोचिराम कांबळे गेले. कितीक गेले. १४ जानेवारी १९९४ पर्यंत साडेपंधरा वर्षं लागली तेव्हा कुठं बाबासाहेबांचं नाव त्या कमानीवर लागलं. कमानीवर नाव लागलं, आता कमानीच्या आत जायचंय. आत एक टेबल आहे, टेबलावर बाड आहे, बाडात आपलं पाणी, आपली पुस्तकं, आपल्या बहिणींचं वर्ष आहे. ते बाड उघडायला रक्त लागत नाही. एक रात्र जागरण लागतं आणि लाल पेन लागतो.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका माझ्या पिशवीत आहे. एकूण आठशे चाळीस पानं. चहा झाला की ओट्यावर या. ती दोन पोरं बाहेर गेलीत, त्यांनाही बोलवा, त्यांच्या वाटची पानं काढून ठेवलीत.

जयभीम.